मोबाईलवर काढलेलं चित्र पण हातानंच काढलेलं असतंय

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी वाचकांच्या पत्रात एका पालकांचं पत्र आलं होतं. सुट्टी लागल्यापासून पोरं दिवसभर मोबाईलवर मोठमोठ्या डोळ्यांची जपानी कार्टून काढत बसलेत, हाताला काही वळण लागत नाही, सगळं ॲपच करून देतंय, असं त्यांचं म्हणणं. पोराच्या डोळ्यांची, वेळेची काळजी वाटणं बरोबरच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. खरं "सगळं ॲपच करून देतंय" हे काही पटलं नाही, आणि मी हे रोज समोर बघतोय म्हणून लिहितोय. पत्र थोडं लांबलंय, जागा असली तर सगळं छापावं ही विनंती.

बेळगावातल्या शहापूरला माझं डीटीपी आणि प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, शिवजयंतीचे बॅनर, गणपती मंडळांची पावती पुस्तकं, हे आमचं नेहमीचं काम. अलीकडं त्यात एक नवीन गिऱ्हाईक वाढलंय, सातवी ते पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची पोरं-पोरी. वडगाव, अनगोळ, येळ्ळूरकडनं सायकलवर येतात, सुट्टीत खानापूर-निपाणीकडचे पाहुणे आलेले असले तर त्यांना पण घेऊन येतात, मोबाईल पुढं करतात आणि "काका, याचं स्टिकर काढून देतासा काय" म्हणतात. बघावं तर मांगा, म्हणजे त्याच जपानी चित्रकथांच्या स्टाईलची पोरगी, नाहीतर टोकदार केसांचा पोरगा, आणि हल्ली तर फेटा बांधलेला मावळा पण मांगा स्टाईलमध्येच. काही चित्रं इतकी भारी असतात की आमच्यातला जुना आर्टिस्ट असता तर त्यानं पाठ थोपटली असती.

ही पोरं कुठं अडकतात ते आता मला पाठ झालंय, कारण जवळजवळ सगळी एकाच ठिकाणी अडकतात. हात वाईट म्हणून कोण अडकत नाही. आधी काय करायचं, नंतर काय करायचं, हे कुणी मराठीत नीट सांगितलेलं नसतंय म्हणून अडकतात. व्हिडिओ आहेत ढिगानं, खरं ते हिंदी नाहीतर इंग्लिशमध्ये आणि पळवून दाखवलेले, त्यात तयार चित्र बघायला मिळतं, रस्ता दिसत नाही. त्या पालकांना पण हाच रस्ता कळावा म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गंमत कागदाच्या मापातच होते. पोरगं ॲप उघडतंय, जे माप समोर येईल त्यावर काढायला सुरुवात करतंय, आणि बऱ्याचदा ते माप मोबाईलच्या स्क्रीनएवढं म्हणजे १०८० पिक्सेल रुंदीचं असतंय. स्क्रीनवर झकास दिसतं, खरं छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरले तर ते जेमतेम साडेतीन इंचात बसतं. A४ वर मोठं करायला गेलं की रेघांना पायऱ्या पडतात, मग पोराचं तोंड उतरतं. A४ काढायचं असेल तर सुरुवातीलाच ३५० डीपीआयला २८९४ बाय ४०९३ पिक्सेलचा कॅनव्हास घ्यायचा, मोबाईल जुना असला आणि अडकायला लागला तर ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ घेतला तरी चालतंय. आणि चित्र पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून बारीक होतं, डॉक्युमेंट म्हणून पीएनजी पाठवायचं. एवढं एक वाक्य जरी प्रत्येक पोराला कळलं तरी माझ्या काउंटरवरची निम्मी निराशा कमी होईल.

आता ॲपबद्दल. यात पैसे घालायची काही गरज नाही हे पालकांनी आधी ऐकावं. मोबाईलवर इबिस पेंट आहे, मेडिबँग पेंट आहे, दोन्ही जपानी कंपन्यांची आणि फुकटात वापरता येतात, जाहिराती दिसतात एवढंच. घरात कॉम्प्युटर असला तर क्रिता म्हणून सॉफ्टवेअर आहे, ते ओपन सोर्स आहे, म्हणजे फुकट मिळतं, त्यात जाहिराती पण नाहीत. क्लिप स्टुडिओ पेंट जपानमधले खूप मांगावाले वापरतात खरं त्याला पैसे पडतात, प्रोक्रिएटला आयपॅडच लागतो, तर सुरुवातीला या दोघांच्या नादाला लागू नये. कॉम्प्युटरला जोडून पेननं काढायचा पेन टॅबलेट मिळतो, तो पोराचा हात बसल्यावर वाढदिवसाला घेऊन द्यावा, पहिल्याच आठवड्यात नको. माझ्याकडं येणाऱ्यातली बरीचशी पोरं अजून बोटानंच काढालेत.

रफ काढायचं ते अगदी आपल्या ड्रॉइंगच्या सरांसारखंच. आधी गोल, त्याला खाली हनुवटी, मधून एक उभी आणि एक आडवी रेघ. आडवी रेघ डोळ्यांची, आणि मांगात ती डोक्याच्या निम्म्यावर किंवा जरा खालीच येते, म्हणून कपाळ मोठं आणि चेहरा लहान मुलासारखा दिसतो. दोन डोळ्यांच्या मध्ये साधारण एका डोळ्याएवढी जागा. कान डोळ्याच्या रेघेपासून नाकाच्या टोकापर्यंत. पूर्ण अंग काढायचं तर डोकं हेच माप, साधा माणूस सहा-सात डोक्यांचा, आणि ते गुबगुबीत छोटे असतात त्यांना चिबी म्हणतात ते दोन-तीन डोक्यांचे. हे प्रमाण बघणं, मोजणं, पुन्हा खोडून काढणं यात ॲप काडीची मदत करत नाही, हे त्या पालकांनी पोराशेजारी दहा मिनिटं बसून बघावं.

मी एक गोष्ट बघितलीय, नव्यानं शिकणाऱ्या पोरांची सगळी कॅरेक्टर डावीकडंच बघतात. उजव्या हातानं काढणाऱ्याला तो चेहरा सोपा जातो म्हणून. आणि हात एकतर खिशात नाहीतर पाठीमागं. त्यावर औषध ॲपमध्येच आहे, चित्र आरशासारखं उलटं करायचं बटण. क्रितात तर नुसतं एम दाबलं की उलटं होतं. उलटं केलं की एक डोळा वर गेलाय, जबडा एका बाजूला ओढलाय ते लगेच दिसतं. जुने आर्टिस्ट चित्र आरशात धरून बघायचे, तीच युक्ती. हातांचं म्हणाल तर स्वतःच्या डाव्या हाताचा फोटो काढायचा आणि समोर ठेवून काढायचा, दुसरा उपाय नाही.

सगळ्यात जास्त घोळ लेयरचा. बरीच पोरं रफ, रेघ, रंग सगळं एकाच लेयरवर काढतात, मग केसांचा रंग बदलायचा झाला की गाल पण खोडला जातो. मी त्यांना आमच्या स्क्रीन प्रिंटिंगचं दाखवतो. लग्नपत्रिकेवर लाल गणपती आणि सोनेरी अक्षरं असली तर लालची स्क्रीन वेगळी, सोनेरीची वेगळी, एकावर एक छापायचं, एक बिघडली तर तेवढीच बदलायची. लेयर म्हणजे तेच. सगळ्यात खाली रफ, त्याची ओपॅसिटी कमी करून पुसट करायची, वर नवीन लेयर घेऊन त्यावर स्वच्छ रेघ, ती झाली की रफ बंद. रंग रेघेच्या खालच्या लेयरवर, आणि अंगाचा वेगळा, केसांचा वेगळा, कपड्यांचा वेगळा, डोळ्यांचा वेगळा. हे कळलं की पोरांचा चेहराच बदलतो, पुढं त्यांना सांगावं लागत नाही.

रेघेत पण जीव आहे. बोट थरथरतं म्हणून रेघ सावरणारा स्टॅबिलायझर वाढवायचा, खरं पूर्ण वाढवला की रेघ मागं मागं रेंगाळते, मध्यावर ठेवावा. बाहेरची कड जाड, आतल्या घड्या बारीक, हनुवटीखाली आणि केसांच्या बटा जिथं एकत्र येतात तिथं जरा दाबून जाड. सगळी रेघ एकसारखी असली की चित्र आमच्या फ्लेक्सवरच्या कटिंगसारखं निर्जीव दिसतं. रंग भरताना बकेटनं, म्हणजे एका टिचकीत सगळी जागा भरणाऱ्या साधनानं ओतला आणि सगळं पान निळं झालं ही तक्रार तर रोजची, कुठंतरी रेघेला बारीक फट राहिलेली असते, झूम करून ती बुजवायची. आणि रंग भरल्यावर रेघेच्या कडेला पांढरा दोरा दिसतो ना, तो जाण्यासाठी बकेटच्या सेटिंगमध्ये एक-दोन पिक्सेल बाहेर पसरायला सांगायचं.

येळ्ळूरची एक पोरगी आहे, नववीतली. तिनं नऊवारी नेसलेली, हातात भाकरीची बुट्टी घेतलेली मांगा पोरगी काढली होती, काष्टा इतका बरोबर होता की मी बघतच बसलो. खरं चेहरा मळकट दिसत होता, धुरात उभी राहिल्यासारखा. तिनं सावलीला काळा रंग घेतला होता, पातळ करून. "मी सावली काळ्यानंच करतो काका, सावली काळीच असतीय की," म्हणाली. मी तिला अंगाच्या लेयरवर एक नवीन लेयर क्लिप करायला लावला, म्हणजे रंग बाहेर जात नाही, त्याचा मोड मल्टिप्लाय केला, म्हणजे खालचा रंग दिसत राहून गडद होतो, आणि काळ्याच्या जागी फिकट गुलाबी-जांभळा घ्यायला सांगितला. मानेवर हनुवटीची सावली, कपाळावर केसांची, पदराखाली दंडावर. कडा धारदार ठेवल्या, एअरब्रशनं पसरवल्या नाहीत. पाच मिनिटात ती पोरगी चित्रात जिवंत झाली. मग रेघेच्या लेयरला अल्फा लॉक लावून, म्हणजे रंग काढलेल्या रेघेवरच बसतो, चेहऱ्याजवळची काळी रेघ तिनं स्वतःच गडद तपकिरी केली, ते मी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं.

उजेड कुठनं येतोय ते आधी ठरवायचं, हे तर कागदावरच्या चित्राला पण लागू आहे. मांगात बहुतेक दोनच पायऱ्या असतात, मूळ रंग आणि एक सावली, वाटलं तर तिसरी. म्हणूनच नव्या माणसाला ही स्टाईल सोपी जाते, पोर्ट्रेटसारख्या बारीक छटा मिसळत बसायला लागत नाही. खरं कुठं सावली पडेल हे डोक्यातच ठरवायला लागतंय, ते चुकलं की लपवायला जागा नाही. डोळ्यात वरचा भाग गडद, पापणीची सावली पडते म्हणून, खाली उजळ, आणि पांढरा ठिपका दोन्ही डोळ्यात एकाच बाजूला. केसांवरची चमक डोक्याच्या गोलाईबरोबर वळली पाहिजे, सरळ पट्टा मारला की डोकं चपटं होतं. एवढं जरी जमलं तरी चित्र उभं राहतं.

छपाईचा माणूस म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोरं स्क्रीनवरचा झगझगीत निऑन गुलाबी, पोपटी, इलेक्ट्रिक निळा वापरतात आणि प्रिंट हातात आल्यावर "काका, तुमचं मशीन खराब आहे" म्हणतात. मशीन ठीक असतंय. स्क्रीन उजेडानं रंग दाखवते, लाल-हिरवा-निळा मिळून. आम्ही छापतो शाईनं, सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक. उजेडातले काही रंग शाईत येतच नाहीत. स्टिकर काढायचंच असेल तर सुरुवातीपासून रंग जरा शांत घ्यायचे. आणि रंगीत अजून झेपत नसेल तर काळं-पांढरं करायचं, त्यात काही कमीपणा नाही, जपानमध्ये मांगाची मासिकं बहुतेक काळ्या-पांढऱ्यातच छापली जातात. करडी छटा ठिपक्यांनी दाखवतात, त्याला स्क्रीनटोन म्हणतात, पूर्वी त्याचे चिकट कागद ब्लेडनं कापून लावायचे, आता तेच ठिपके ॲपमध्ये मिळतात. आपल्या पेपरातला फोटो भिंगाखाली धरून बघा, तो पण ठिपक्यांचाच दिसेल. काळ्या-पांढऱ्याला रिझोल्युशन मात्र ६०० डीपीआय ठेवायचं, म्हणजे रेघ कापल्यासारखी येते. एक पान करायचं असेल तर जपानी पद्धतीत चौकटी उजवीकडून डावीकडं वाचतात, आपली गोष्ट मराठीत असेल तर डावीकडूनच करावी, वाचणाऱ्याची फरफट नको.

आता जे मनाला लागलंय ते. गेल्या वर्षी आमच्याच भागातल्या एका चित्रकला स्पर्धेत एका पोरानं डिजिटल चित्राची प्रिंट दिली, तर "कॉम्प्युटरनं काढलंय" म्हणून ती टेबलावरच बाजूला ठेवली. पोरगं मला येऊन सांगत होतं तेव्हा त्याला बोलता येईना. त्यानं ते चित्र बोटानं, रोज रात्री अभ्यास झाल्यावर काढलेलं मला माहीत होतं, कारण प्रत्येक टप्पा मला आणून दाखवला होता. स्पर्धावाल्यांची पण एक अडचण मी समजू शकतो, आजकाल एआयनं दोन ओळी लिहिल्या की तयार चित्र मिळतंय, तर पोरानं खरंच काढलंय कशावरून. खरं त्याला उपाय आहे की. लेयरची मूळ फाईल मागा, त्यात रफ, रेघ, सावली वेगवेगळी दिसते. इबिस पेंट तर चित्र काढताना रेघ न् रेघ रेकॉर्ड करून ठेवतं, त्याचा व्हिडिओ मागा, दोन मिनिटात कळतंय कुणाचा हात आहे. डिजिटलचा वेगळा गट करा, जलरंगाशी तुलना नको. सरसकट बाहेर काढणं हा अन्याय आहे, आणि तो ज्या वयात होतोय त्या वयात पोरगं परत ब्रश हातात घेत नाही.

दुसऱ्याचं चित्र खाली ठेवून ट्रेस करायचं आणि आपलं म्हणून पुढं टाकायचं हे मात्र चूकच, ते मी पोरांना तोंडावर सांगतो. बघून काढणं हा सराव आहे, तो करावा, खाली "बघून काढलंय" असं लिहावं. आणि मग त्या कॅरेक्टरला आपल्या गल्लीत आणावं. शिवजयंतीच्या मिरवणुकीतले चित्ररथ, दिवाळीतले किल्ले, खडेबाजारची गर्दी, भातलावणीला गुडघाभर चिखलात उभी असलेली खानापूरकडची माणसं, हे सगळं मांगात येऊ शकतंय आणि माझ्या काउंटरवर येतंय पण.

हे गाव चित्रकारांचं आहे. रवी परांजपे १९३५ साली इथंच बेळगावात जन्मले, के. बी. कुलकर्णी सरांकडं शिकले आणि पुढं जाहिरातीतल्या इलस्ट्रेशनमध्ये त्यांनी देशभर नाव केलं. जाहिरातीसाठी काढलेल्या चित्राला पण चित्र म्हणतात हे त्यांच्या कामानं दाखवून दिलं. त्याच गावात मोबाईलवरच्या चित्राला दारात उभं केलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. सीमाभागातल्या मराठी शाळेतल्या पोराला आधीच सगळीकडं भाषेची अडचण, नोटीस कन्नडमध्ये, ॲप इंग्लिशमध्ये, शिकवणारा हिंदीत. चित्राला तरी भाषा लागत नाही म्हणून ती इकडं वळालेत. माझ्याकडं मराठी आणि कन्नड शाळेतली पोरं एकाच बाकावर बसून एकमेकांना ब्रशची सेटिंग दाखवतात, ते बघून बरं वाटतं.

म्हणून संपादक साहेब, आपल्याला एक विनंती. रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी जे रंगवायचं चित्र येतंय, त्या जागी पंधरा दिवसातनं एकदा मांगा स्टाईलमधली नुसती रेघ छापावी, आणि खाली पाच-सहा ओळीत एकच गोष्ट सांगावी, एका वेळी लेयर, पुढच्या वेळी डोळे, त्याच्या पुढच्या वेळी केसांची सावली. पोरांनी पेपरचा फोटो काढायचा, इबिस पेंटमध्ये घेताना रेघ वेगळी काढू का असं ते स्वतःच विचारतं, हो म्हटलं की पांढरं जातं आणि रेघ तेवढी लेयरवर राहते. खाली नवीन लेयर घेऊन रंगवायचं. ज्याच्याकडं मोबाईल नाही त्यानं त्याच पानावर खडूनं रंगवावं, दोघांचं चालतंय. रंगवलेल्यातली दोन-चार पुढच्या वेळी छापावीत, पोराच्या आणि गावाच्या नावासकट.

पहिली काही चित्रं मी काढून द्यायला तयार आहे, मानधन नको, पुढं तर ती येळ्ळूरची पोरगीच माझ्यापेक्षा चांगली काढून देईल. फक्त छापताना रेघ करड्यात न टाकता शंभर टक्के काळ्यात घ्या आणि मागं कसली टिंट देऊ नका, म्हणजे फोटोतनं रेघ नीट उचलता येईल.

आपला नियमित वाचक,
एक डीटीपीवाला,
शहापूर, बेळगाव